टर्बोच्या तोंडावरचा विडा

गाडी स्वतः चालत आली नाही. टेम्पोच्या पाठीवर, खाली गादी आणि वर चादर अशा थाटात आली. उतरवायला चार माणसं आणि ओरडायला एक. ओरडणारा तिचा मालक. मुंबईत त्याचा कसलासा धंदा होता आणि मुरबाडच्या बाजूला फार्महाऊस होतं. या फार्महाऊसवाल्यांची मला पहिल्यापासून ॲलर्जी आहे. शेत नसतं, घरात कोणी राहत नसतं, पण हिरवळ मात्र बारा महिने हिरवी लागते. तिच्यावर पाइपाने पाणी मारणाऱ्या गड्याची बायको उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलभर चालत असते. मालक शनिवारी येतो, 'काय हवा आहे!' म्हणतो आणि रविवारी जातो.

सापगावच्या फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. रस्त्यावरून आत यायला वीतभर चढ आहे, जो आजवर एकाही ट्रकवाल्याच्या लक्षात आलेला नाही. या गाडीसाठी तिथे फळ्या टाकाव्या लागल्या. इतकी ती जमिनीला चिकटलेली. परदेशी, जुनी, दोन माणसांची, आणि रंग असा की बैल बुजावा. फाट्यावरची रिकामटेकडी मंडळी लगेच जमली. मालकाने मोठ्या ऐटीत पुढचं बॉनेट उघडलं. आत रिकामी पेटी.

"इंजिन काढून ठेवला का काय रे?" कोणीतरी विचारलं.

मालकाला हेच हवं होतं. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं की अशा गाडीचं इंजिन पुढे नसतं, मागेही नसतं, बसणाऱ्याच्या पाठीशी, मधोमध असतं. वजन मध्ये राहिलं की वळणावर गाडी कशी चिकटून जाते, हे त्याने दोन्ही हातांनी करून दाखवलं. मी म्हटलं, "साहेब, किन्हवलीच्या रस्त्याला वळणाच्या आधी खड्डा लागतो." तो हसला. समोरच्याचं न ऐकताच हसायची त्याला सवय होती.

त्याला त्या इंजिनाला टर्बो बसवून हवा होता. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे तेवढंच इंजिन दीडपट ताकद देतं. ही कष्टाच्या गाडीची गोष्ट आहे. सिमेंटच्या गोण्या भरून कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या ट्रकला टर्बो लागतो, आणि तीस वर्षं असे टर्बो उघडण्यात आणि बसवण्यात माझी नखं काळी झाली. या माणसाला तो लागत होता, कारण त्याच्या मित्राच्या गाडीला होता.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण असलं इंजिन मी कधी उघडलं नव्हतं, आणि शहापूर-मुरबाडात ते उघडलेला दुसरा कोणी नव्हता. दुसऱ्याच्या मिरवण्याला मी नाक मुरडत होतो आणि माझ्या मिरवण्याची सोय बघत होतो.

मालकाने पुण्याहून एक तज्ज्ञही आणला. स्वच्छ बूट, लॅपटॉप आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपल्या टाळ्या वाजवायच्या राहिल्या असं वाटावं. त्याने परदेशातून मॅनिफोल्ड मागवला होता, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा पाइपांचा जुडगा. तो बसवला तर टर्बो थेट सीटमागच्या पत्र्याला जाऊन टेकला. तज्ज्ञाने तीन वेळा मोजलं, लॅपटॉपमध्ये बघितलं आणि चूक गाडीची आहे असं जाहीर केलं.

तेव्हा माझा वेल्डर पुढे आला. म्हणजे पुढे आला नाही, मागेच उभा होता, मी त्याला हाक मारली. तो किन्हवलीच्या पलीकडच्या एका वाडीतला. वाडी गावाबाहेर, आणि तिथल्या कोणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही. दिवाळी झाली की वाडीतली बहुतेक घरं दाराला काट्या लावून कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वेल्डिंग तो भट्टीवरच शिकला, विटांचे गाडे सांधता सांधता. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे असायचा. अशी पंधरा वर्षं. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठाच असेल, पण मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'शेट'.

त्याची कामाची पद्धत बघून माझं डोकं फिरायचं. सगळं सावकाश. शिवाय एक खोड. कुठलाही पाइप उघडा राहिला की त्याच्या तोंडाला फडकं बांधायचा. दोन मिनिटांसाठी चहाला गेला तरी बांधून जायचा. मी म्हणायचो, "अरे, बाळंतिणीच्या खोलीत नसतील इतक्या चिंध्या माझ्या गॅरेजात झाल्या." तो म्हणायचा, "उघड्या तोंडात कायपन जाते, शेट." आणि बांधायचा.

दोन दिवस तो त्या गाडीच्या मागच्या भागात नुसता डोकं घालून बसला. तज्ज्ञ मला डोळ्यांनी खुणावत होता, हा काय करतोय म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याने नळाच्या प्लास्टिक पाइपाचे तुकडे कापले, चिकटपट्टीने एकमेकांना जोडले आणि इंजिनातल्या जागेत एक खोटा मॅनिफोल्ड उभा केला. टर्बो पत्र्यापासून चार बोटं लांब राहिला. मग त्याबरहुकूम स्टीलचा केला. पाइपाच्या आत गॅस सोडून वेल्डिंग केलं, म्हणजे आतली बाजूही काळी पडत नाही. सांधे असे पडले की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. दाराच्या मागच्या झरोक्यातून टर्बोला हवा पोचवणारा पाइपही त्यानेच केला, आणि आतून घासून घासून आरशासारखा लख्ख केला. तज्ज्ञाने या सगळ्याचे फोटो काढले आणि 'आमचं काम' म्हणून मोबाइलवर जगाला दाखवले. आमचं!

मालकही खूश झाला. वेल्डरच्या खांद्यावर हात न ठेवता, ठेवल्यासारखा करून म्हणाला, "माझ्या मित्राचं मोठं वर्कशॉप आहे. अशा गाड्या तिथे खूप येतात. हे काम टिकलं ना, तर तुला तिथे बारा महिने नोकरी. राहायला खोलीपण. माझा शब्द."

असल्या शब्दांवर मी थुंकलो असतो. पण मालकाने चौकशी केली, मित्राला फोन लावला, बोलणं झालं. शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी वेल्डरची बायको गॅरेजात आली. एरवी ती कधी येत नसे. हात पदराला पुसत म्हणाली, "दादा, यंदा भट्टीला जायाचा नाय. मी मुकादमाला सांगून टाकला. कंबर जाते ओ विटा उचलून." वेल्डर तिच्याकडे न बघता पक्कड पुसत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

पहिल्यांदा इंजिन चालू करायचा दिवस खंडेनवमीचा ठरला. मुहूर्त मालकानेच काढला. सकाळी वेल्डरच्या बायकोने सगळे पाने-हातोडे धुऊन, तेलाचा हात फिरवून फळीवर मांडले. झेंडूच्या माळा झाल्या. जमलेल्यांपैकी दोघांनी गाडीच्या पुढच्या बाजूला हार घातला, रिकाम्या पेटीला. मी त्यांना हसलो. मला ठाऊक होतं ना इंजिन कुठे आहे ते.

माझ्या उस्तादाची एक रीत होती. खंडेनवमीला इंजिन जिथून श्वास घेतं तिथे विडा ठेवायचा, दोन पानं, वर नाणं आणि सुपारी. ट्रकला तिथे एअर फिल्टरचा पत्र्याचा डबा असतो, त्याच्या झाकणावर विडा छान बसतो. तीस वर्षं मी तो तिथेच ठेवत आलो. पण या गाडीचा फिल्टर अजून आला नव्हता, दुपारपर्यंत येणार होता. तिथे नुसतं उघडं पाइपाचं तोंड होतं, आणि त्यावर अर्थातच फडकं बांधलेलं. मी फडकं सोडायला लागलो.

तज्ज्ञ मोबाइल धरून शूटिंग करत होता. गोड आवाजात म्हणाला, "हे सगळं कंपल्सरी असतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याला आता साग्रसंगीत पूजा दाखवायचीच, असं ठरवून मी हळद घेतली, कुंकू घेतलं.

वेल्डर मागून हळूच म्हणाला, "शेट, फडका र्‍हाऊ द्या. त्याच्यावरच ठेवा विडा."

"देवाच्या कामात चिंध्या नकोत," मी म्हणालो. लोक हसले.

पाइपाच्या तोंडावर मी पानं आडवी ठेवली, वर नाणं, वर सुपारी. आरती झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. तेवढ्यात फिल्टर घेऊन माणूस आला आणि मालकाची घाई सुरू झाली. मी पानं उचलली, नाणं उचललं. पानं मधोमध खचली होती. सुपारी नव्हती. खाली कुठे पडली असेल किंवा कोणी तोंडात टाकली असेल असं वाटलं. वाटलं एवढंच, वाकून बघितलं नाही. फिल्टर बसवला आणि पट्टी आवळली.

इंजिन सुरू झालं. संथ, गोड चाललं. अर्धा तास त्याच चालीवर ठेवलं, कुठे गळती नाही, काही नाही. मॅनिफोल्ड तापून निळसर झाला आणि जागचा हलला नाही. तज्ज्ञ लॅपटॉपकडे बघून मान डोलवत होता. मी वेल्डरकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो दात दाखवून हसला.

दसऱ्याच्या सकाळी गाडी किन्हवलीच्या रस्त्याला नेली. मालक चालवायला, तज्ज्ञ मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. दोनच जागा असल्यामुळे मी आणि वेल्डर रस्त्याच्या कडेला उभे. एक सरळ तुकडा बरा आहे, तिथे मालकाने पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली. मला कबूल करायला हवं, अंगावर काटा आला. आणि मग कौलावरून पत्रा ओढावा तसा आवाज झाला आणि शीळ थांबली.

"पंखा गेला," वेल्डर म्हणाला.

गाडी ढकलत आणली. फळ्या टाकून आत घेतली. मालक आणि तज्ज्ञ शेजारच्या टपरीवर चहा घेत मोठमोठ्याने बोलत होते, वेल्डर त्यांच्यापासून थोडा लांब उभा होता. टर्बो मी एकट्याने उघडला. हवा कोंबणाऱ्या पंख्याची पाती मोडली होती. हा पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्यात काही गेलं तर दुसरं काय होणार? पाइपाच्या खोलगट वळणावर, ॲल्युमिनियमच्या चुऱ्यात, तांबूस-तपकिरी कण होते. मी बोटावर घेऊन बघितले. सुपारी ओळखायला मला चष्मा लागत नाही. आदल्या दिवशी संथ चालीवर ती त्या वळणात निवांत पडून राहिली होती, आणि आज जोराचा श्वास घेतल्याबरोबर आत ओढली गेली.

मी ते कण फडक्याने पुसून घेतले आणि फडकं खिशात घातलं.

तज्ज्ञ आला, मोडकी पाती बघितली आणि निकाल दिला. "वेल्डिंगचा कण. पाइपाच्या आतला सांधा सुटला असणार. हाताने केलेल्या कामात हे होतंच."

"मी आतून घासून काढला होता," वेल्डर म्हणाला. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळला. "शेट, तुमी बोट घालून पायला होता ना? सांगा ना यांना."

मी पाहिलं होतं. बोट फिरवलं होतं, कुठे अडलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "आतलं काय सांगता येतंय."

एवढंच. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनात म्हणून बघितलं आहे. त्यात खोटं एकही अक्षर नाही अशी समजूत घालायचा प्रयत्न केला आहे. जमलेलं नाही.

मालक त्याच्याशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला. "मास्टर, तुमची चूक एवढीच की तुम्ही असल्या माणसावर विश्वास ठेवलात. नशीब, मित्राकडे पाठवला नाही." वेल्डरने हातमोजे काढले, फळीवर ठेवले आणि घरी गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी का बोललो नाही? मालकाला भ्यालो नाही. तो चिडून दुसरीकडे गेला असता तर माझं काहीच बिघडत नव्हतं, ट्रक काही संपले नव्हते. मी त्या तज्ज्ञाला भ्यालो. त्याच्या मोबाइलात माझी पूजा होती. इंजिनाच्या उघड्या तोंडावर सुपारी ठेवणारा गावठी मिस्त्री म्हणून तो मला पुण्याच्या पोरांपुढे नाचवेल, हसेल, या विचाराने मी खिशातलं फडकं खिशातच ठेवलं. आयुष्यभर मी लोकांना हसत आलो. या मालकाला हसलो, तज्ज्ञाच्या बुटांना हसलो, रिकाम्या पेटीला हार घालणाऱ्यांना हसलो, फडक्याला हसलो. माझ्यावर कोणी हसण्याची वेळ आली तेव्हा एका माणसाची नोकरी पुढे सरकवून मी तिच्या मागे लपलो. एवढा क्षुद्र माणूस त्या सगळ्या गर्दीत दुसरा नव्हता.

पंधरा दिवसांत नवा टर्बो आला. हवेचा पाइप तज्ज्ञाने परदेशी घातला. मॅनिफोल्ड मात्र वेल्डरचाच राहिला, कारण दुसरा कुठलाच बसत नव्हता. गाडी धावली. मुरबाडपर्यंत दोनदा गेली, आणि आता फार्महाऊसच्या पत्र्याखाली चादर पांघरून उभी आहे. तेल बदलायला मी एका रविवारी तिथे गेलो होतो. मालक पाहुण्यांना मागचं झाकण उघडून दाखवत होता. "हे वेल्डिंग बघा," तो म्हणाला, "इथे कोणाला जमणार नाही असलं. जपानी काम आहे." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी तेल ओतत राहिलो.

त्याच वर्षी दिवाळी झाली आणि चार दिवसांनी, सकाळच्या उन्हात, मुकादमाचा ट्रक माझ्या दारात येऊन उभा राहिला. चढाला ओढत नाही, धूर टाकतो, अशी तक्रार. मागे वाडीतली माणसं दाटीने बसलेली, गोधड्या, पातेली, एक कोंबड्यांची पाटी, कडेवरची पोरं. त्यात तो होता आणि त्याची बायको होती.

मी बॉनेटखाली शिरलो. टर्बोपासून निघणारा रबरी पाइप फाटला होता, दहा मिनिटांचं काम. वेल्डर कोणी न सांगता खाली उतरला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मला जो पाना लागणार तो मी मागायच्या आधी त्याच्या हातात असायचा. मध्येच म्हणाला, "शेट, दुसरा क्लिप बी बदलून टाका. लांब जायाचा हाय." मी बदलला. तो इतका जवळ होता की हळू बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं असतं. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा पक्कड मागितली, एकदा फडकं.

मुकादमाने विचारलं, काय झालं ते. मी म्हटलं, काही नाही, निघा. तो माझे आभार मानत केबिनमध्ये चढला. वेल्डर मागच्या फाळक्यावरून वर गेला. त्याच्या बायकोने सरकून त्याला जागा करून दिली आणि मला वरूनच हात जोडले.

"बरा झाला दादा, तुमीच भेटलात," ती म्हणाली. "तुमचा हात लागलाय, आता भट्टीपर्यंत कुठं बंद नाय पडाचा."

ट्रक पहिल्याच सेल्फला सुरू झाला.